खिडकी, कपाटे आणि मोकळा तास : शिक्षक कक्षातील ताणाचे एक प्रकरण

प्रस्तुत प्रकरण एका माध्यमिक शाळेच्या शिक्षक कक्षाचे आहे. शाळाप्रमुखांच्या आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणात चर्चेला घेता यावे या हेतूने ते मांडले असून शाळा व त्यातील व्यक्ती अनामिक ठेवल्या आहेत. प्रश्न वरवर पाहता लहान आहे : कामाच्या जागेवरून झाडे, पाने, आकाश दिसू लागले तर शिक्षकांचा ताण हलका होतो का, आणि होत असेल तर कोणत्या अटींवर? पहिल्या भागाचे बऱ्यापैकी उत्तर संशोधनाने दिलेले आहे. दुसऱ्या भागाचे उत्तर प्रत्येक शाळेला आपल्या वेळापत्रकात आणि आपल्या खोल्यांच्या मांडणीत शोधावे लागते, आणि या प्रकरणाचे महत्त्व तेथेच आहे.

परिस्थिती

शाळेची इमारत तळमजला आणि वर तीन मजले अशी. शिक्षक कक्ष तळमजल्यावर, मागच्या बाजूला. कक्षाच्या एका भिंतीला जवळजवळ पूर्ण लांबीची खिडकी होती आणि तिच्यापलीकडे, इमारत व कुंपण यांच्यामध्ये, जुन्या झाडांचा पट्टा होता. असे असूनही त्या कक्षात वर्षानुवर्षे बसणाऱ्या अनेक शिक्षकांना ही झाडे तेथून कधी दिसली नव्हती, कारण खिडकीसमोर पोलादी कपाटांची रांग उभी होती. जुन्या उत्तरपत्रिका, नोंदवह्या, प्रयोगशाळेचे सुटे साहित्य असे सगळे त्यांत साठलेले. कपाटांच्या मागच्या आणि वर उरलेल्या साऱ्या काचेला, बाहेरून विद्यार्थ्यांना आतले दिसू नये म्हणून, दुधाळ कागद चिकटवलेला होता. उजेड आत येत होता, पण बाहेरचे काही दिसत नव्हते.

खुर्च्या मधल्या लांब टेबलाच्या दोन्ही बाजूंना होत्या. निम्म्या शिक्षकांची तोंडे कपाटांकडे, तर निम्म्यांची समोरच्या भिंतीकडे होती, आणि त्या भिंतीवर सूचनाफलक होता. वेळापत्रक, त्या दिवसाच्या बदली तासांची यादी, गुण भरण्याच्या मुदती आणि ज्यांचे काम राहिले आहे त्यांची नावे या फलकावर लावलेली असत. शिक्षकाने वह्यांवरून मान वर केली की नजरेसमोर त्याचेच राहिलेले काम येत असे. ताणाचे कारण म्हणून कोणी फलकाचे नाव घेतले नव्हते. तरीही विसाव्याच्या मिनिटांत डोळे कशावर टेकतात हा प्रश्न एकदा विचारला की ही मांडणी निर्दय होती असेच म्हणावे लागते.

वर्षाच्या मध्याला मुख्याध्यापिकांच्या लक्षात काही गोष्टी येऊ लागल्या. एकेका दिवसाच्या आजारपणाच्या रजा वाढल्या होत्या. त्यामुळे बदली तास वाढले होते, आणि बदली तास कोणी घ्यायचा यावरून रोज सकाळी कुरबुर होत होती. एरवी शांत म्हणून ओळखले जाणारे शिक्षक वर्गावर ओरडू लागले होते. विज्ञानाच्या एका अनुभवी शिक्षकाने आपल्याकडील विभागप्रमुखपद काढून घ्यावे अशी लेखी विनंती केली होती. मुख्याध्यापिकांनी प्रत्येकाशी स्वतंत्रपणे बोलणे केले, तेव्हा कोणी एकच मोठी तक्रार सांगितली नाही. बहुतेकांनी जे वर्णन केले ते असे होते की चौथ्या-पाचव्या तासानंतर समोरच्या विद्यार्थ्याचे नाव पटकन आठवत नाही, वही तपासताना तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचावी लागते, आणि क्षुल्लक गोष्टीवरून तोल जातो.

हे वर्णन नेमके काय सांगते ते समजून घेणे आवश्यक आहे. फिलिप जॅक्सन या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने १९६८ मध्ये प्राथमिक वर्गांच्या निरीक्षणावरून असे नोंदवले होते की एका दिवसात शिक्षकाचे विद्यार्थ्यांशी हजारापर्यंत लहानमोठे व्यवहार होतात. एखाद्याला बोलू देणे, दुसऱ्याला थांबवणे, तिसऱ्याच्या चेहऱ्यावरचा गोंधळ टिपणे, आणि हे करताना शिकवण्याचा धागा न सोडणे, यांतील प्रत्येक गोष्ट लक्ष मुद्दाम एका ठिकाणी धरून ठेवायला लावते आणि आजूबाजूच्या दहा गोष्टी दूर ठेवायला लावते. माध्यमिक शाळेत वर्ग दर तासाला बदलतो, पण हा भार बदलत नाही.

शिक्षकांनी काय मागितले

शिक्षकांच्या मागण्या स्पष्ट होत्या : नोंदींचे काम कमी करा, बदली तास कमी करा, वर्गातील विद्यार्थीसंख्या आटोक्यात आणा. या मागण्या योग्य होत्या आणि कोणत्याही दृश्याच्या, कुंडीच्या वा चित्राच्या आधी त्यांचा विचार व्हायला हवा, असे माझे स्पष्ट मत आहे. मुख्याध्यापिकांनी दोन ठिकाणी तीच माहिती भरावी लागणारी एक नोंदवही बंद केली. बाकीच्या गोष्टी नवीन नेमणुकांवर अवलंबून होत्या आणि त्या त्यांच्या हातात नव्हत्या.

व्यवस्थापनाने शाळा सुटल्यानंतर ताण-व्यवस्थापनावर व्याख्यान ठेवण्याचे सुचवले. थकलेल्या माणसाला थकव्याविषयी ऐकण्यासाठी आणखी एक तास थांबवणे शिक्षकांना मान्य नव्हते, आणि त्यांचा आक्षेप रास्त होता. याच बैठकीत भूगोलाच्या शिक्षिकेने असे सुचवले की खर्च न करता निदान कपाटे हलवून खिडकी मोकळी करून पाहावी. सूचना इतकी साधी होती की आधी तिच्याकडे कोणी गांभीर्याने पाहिले नाही. तिने मात्र सोबत काही वाचन आणले होते, आणि पुढचे निर्णय बऱ्याच अंशी त्या वाचनावर आधारले गेले.

दृश्याने काय घडते

या विषयातील सर्वांत अधिक उल्लेखला जाणारा अभ्यास रॉजर उलरिच यांचा असून तो १९८४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पेनसिल्वेनियातील एका रुग्णालयात १९७२ ते १९८१ या काळात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. वय, लिंग, धूम्रपान अशा बाबतींत सारख्या असलेल्या रुग्णांच्या २३ जोड्या लावण्यात आल्या. प्रत्येक जोडीतील एकाच्या खिडकीतून झाडे दिसत होती, तर दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे दिसणारे रुग्ण शस्त्रक्रियेनंतर सरासरी ७.९६ दिवस रुग्णालयात राहिले, भिंत दिसणारे ८.७० दिवस. पहिल्या गटाला तीव्र वेदनाशामकेही कमी लागली. शिक्षक रुग्ण नसतात आणि शाळा रुग्णालय नसते, म्हणून हा निष्कर्ष जसाच्या तसा उचलता येत नाही. पण खिडकीबाहेर काय आहे याचा शरीरावर परिणाम होऊ शकतो, हे त्यामुळे केवळ भावनिक विधान उरले नाही.

उलरिच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये १२० जणांना आधी अस्वस्थ करणारी चित्रफीत दाखवली आणि नंतर काहींना निसर्गाच्या, तर काहींना शहरी रस्त्यांच्या फिती दाखवल्या. निसर्ग पाहणाऱ्यांचा स्नायूंचा ताण, त्वचेची विद्युतवाहकता यांसारखी शारीरिक मापे लवकर पूर्ववत झाली, आणि हा फरक पहिल्या काही मिनिटांतच दिसू लागला.

शिक्षकांच्या तक्रारीशी अधिक जवळचा विचार मात्र रेचेल आणि स्टीफन कॅप्लान या दांपत्याचा आहे. त्यांच्या मते, मुद्दाम लावून धरलेले लक्ष वापराने थकते आणि त्याला विश्रांती द्यायची असेल तर नजर अशा गोष्टीवर जावी लागते जी आपोआप, कोणताही प्रयत्न न करता, मनाला हलकेच धरून ठेवते. हलणारी पाने, सरकणारे ढग, पाण्यावरची चमक या गोष्टी असे करतात. त्या लक्ष वेधतात, पण हिसकावून घेत नाहीत, त्यामुळे मागे विचाराला जागा उरते. दूरचित्रवाणीवरचा सामना किंवा मोबाइलवरील संदेशही लक्ष खेचतात, परंतु ते सगळेच व्यापून टाकतात. ‘डोके रिकामे होत नाही’ असे म्हणणाऱ्या शिक्षकाला या भेदाचे महत्त्व सांगावे लागत नाही. मोकळ्या तासात मोबाइल पाहून उठल्यावर आपण तितकेच थकलेले असतो, हे या कक्षातील अनेकांनी स्वतःहून बोलून दाखवले.

पडदा की काच

कपाटे हलवण्याला व्यवस्थापनाचा विरोध नव्हता, पण त्यांना त्याहून सोपा वाटणारा उपाय दुसराच होता : कक्षाच्या भिंतीवर मोठा पडदा बसवून त्यावर जंगल, धबधबे, समुद्रकिनारे यांच्या फिती दिवसभर चालू ठेवाव्यात. कपाटे जागेवर राहतील आणि काम एका दिवसात होईल, असा त्यामागचा विचार होता.

येथे पीटर कान आणि सहकाऱ्यांचा २००८ मधील प्रयोग उपयोगी पडला. त्यांनी एकाच कार्यालयीन खोलीत तीन परिस्थिती निर्माण केल्या : काचेच्या खिडकीतून दिसणारे निसर्गदृश्य, त्याच जागी बसवलेल्या पडद्यावर दिसणारे तेच दृश्य, आणि कापडी पडद्याने झाकलेली कोरी भिंत. ९० जणांवर हा प्रयोग झाला. सौम्य ताणानंतर हृदयाचे ठोके पूर्ववत होण्याचा वेग काचेच्या खिडकीसमोर अधिक होता. पडद्यावरचे दृश्य आणि कोरी भिंत यांत मात्र फरक आढळला नाही. खिडकीकडे लोक जितका अधिक वेळ पाहत, तितका हा परिणाम वाढत होता. पडद्याच्या बाबतीत तसे झाले नाही.

एवढ्यावरून चित्रे व फिती निरुपयोगी ठरत नाहीत. उलरिच यांच्या १९९१ च्या प्रयोगात फितीच वापरल्या होत्या. मार्क बर्मन, जॉन जोनाइड्स आणि स्टीफन कॅप्लान यांनी २००८ मध्येच असे दाखवले की निसर्गाची छायाचित्रे पाहिल्यानंतरही लक्षाच्या चाचणीतील कामगिरी सुधारते. मोजलेल्या गोष्टी वेगळ्या, कालावधी वेगळा आणि लोकांना काय पाहण्यास सांगितले तेही वेगळे, म्हणून या निष्कर्षांत दिसतो तितका विरोध नाही. मुख्याध्यापिकांनी त्यातून काढलेला अर्थ मला योग्य वाटतो. जेथे खरी खिडकी उपलब्ध आहे तेथे पडदा हा तिला पर्याय मानू नये. जेथे खिडकीच नाही, उदाहरणार्थ वरच्या मजल्यावरील संगणक कक्षात, तेथे मोठी छायाचित्रे लावावीत आणि त्यांच्याकडून अपेक्षा माफक ठेवावी. पडद्याची खरेदी रद्द झाली.

कपाटे हलवल्यावर

कपाटे हलवणे बोलण्याइतके सोपे ठरले नाही. नोंदी सांभाळणाऱ्या लिपिकांनी रास्त प्रश्न विचारला की त्या ठेवायच्या कोठे. मार्गिकेत ठेवल्यास आपत्काळी बाहेर पडण्याची वाट अडली असती, म्हणून तो विचार सोडावा लागला. शेवटी जतन करण्याची मुदत संपलेली कागदपत्रे नियमानुसार निकाली काढल्यावर निम्मी कपाटे अनावश्यक ठरली आणि उरलेली जिन्याखालच्या खिडकी नसलेल्या खोलीत गेली.

दुधाळ कागदाबाबत मतभेद झाला. काही शिक्षिकांना खिडकी पूर्ण उघडी होणे नको होते. मुलांच्या नजरेपासून दूर बसता यावे ही त्यांची गरज खरी होती, आणि बाहेरून आपण दिसतो या जाणिवेने बसणाऱ्याला विसावा मिळत नाही. बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण १२० सेंटीमीटर उंचीवर असतात. टेबलाच्या उंचीपर्यंतचा कागद राहू द्यायचा आणि त्यावरचा काढायचा, असे ठरले. झाडांच्या पट्ट्यातून विद्यार्थ्यांची ये-जा नव्हतीच, त्यामुळे इतके पुरेसे झाले. बसल्या जागेवरून आकाशाचा तुकडा, झाडांचे शेंडे आणि खोडे दिसू लागली, जमीन मात्र झाकलेलीच राहिली. दिवसाच्या उजेडाविषयीचे युरोपीय मानक, जे २०१८ मध्ये आले, चांगल्या दृश्यात आकाश, मधला परिसर आणि जमीन असे तीन थर असावेत असे मानते. येथे दोनच मिळाले, आणि खाजगीपणाच्या मोबदल्यात हा व्यवहार मान्य करण्यासारखा होता.

सकाळच्या पहिल्या तासांना थेट ऊन येऊ लागले. दोन-तीन दिवसांतच कोणीतरी जाड पडदे ओढले आणि ते दिवसभर तसेच राहिले. ऊन गेल्यावर पडदा उघडणे हे कोणाचेच काम नसते, म्हणून असे पडदे ओढले की दृश्य कायमचे गेले असेच समजावे. त्याजागी पट्ट्या फिरवता येतील असे पडदे लावले, आणि तपासणीची टेबले खिडकीला समांतर न ठेवता काटकोनात फिरवली, म्हणजे उजेड कागदावर बाजूने पडेल आणि मान वळवली की झाडे दिसतील. सूचनाफलक दाराबाहेर मार्गिकेत हलवण्यात आला. खिडकीजवळ तीन खुर्च्या बाहेर तोंड करून ठेवल्या, त्यांच्यासमोर टेबल ठेवले नाही.

रिकाम्या राहिलेल्या खुर्च्या

या तीन खुर्च्या पहिले काही आठवडे रिकाम्या राहिल्या. या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचा भाग माझ्या मते येथून सुरू होतो.

टेबलाशी बसायला जागा नसतानाही शिक्षक उभे राहत, पण तेथे बसत नसत. मुख्याध्यापिकांना प्रथम वाटले की सवय लागायला वेळ लागेल. कारण वेगळे होते आणि ते गणिताच्या एका तरुण शिक्षिकेने सांगितले. बदली तास वाटण्यासाठी पर्यवेक्षक सर स्वतः कक्षात येत आणि समोर जो मोकळा दिसेल त्याला वर्गावर पाठवत. वह्यांचा गठ्ठा पुढे घेऊन बसलेल्या माणसाला सहसा कोणी उठवत नसे. खिडकीबाहेर पाहत बसलेला शिक्षक मात्र उघडच मोकळा होता. त्या खुर्चीवर बसणे म्हणजे बदली तासासाठी हात वर करणे होते. शिवाय ज्येष्ठ सहकाऱ्यांसमोर काहीही न करता बसणे अनेक नवीन शिक्षकांना संकोचाचे वाटत होते.

पर्यवेक्षकांचा यात काही दोष नव्हता. वर्ग रिकामा ठेवता येत नाही आणि दहा मिनिटांत माणूस शोधायचा तर जो दिसेल त्यालाच विचारणार. दोष पद्धतीत होता. तिने कामात दिसणाऱ्याला संरक्षण दिले होते आणि विसावा घेणाऱ्याला शिक्षा. अशा ठिकाणी कितीही सुंदर दृश्य निर्माण केले तरी ते कोणी पाहणार नाही.

त्यानंतर पद्धत बदलली. प्रत्येक शिक्षकाच्या दिवसातील एक मोकळा तास ‘राखीव’ म्हणून वेळापत्रकातच दाखवण्यात आला आणि त्या तासाला त्याला बदलीवर पाठवायचे नाही असे ठरले. उरलेल्या मोकळ्या तासांसाठी पाळी आदल्या दिवशी मार्गिकेतील फलकावर लावली जाऊ लागली. बदलीसाठी निरोप द्यायचा तर तो पाळी असलेल्यालाच, आणि कक्षात येऊन कोण मोकळे आहे असे विचारायचे नाही. पर्यवेक्षकांना ही पद्धत आरंभी अवघड वाटली. काही दिवशी एकाच वेळी अनेक जण रजेवर असत आणि राखीव तास मोडावा लागे. तेव्हा तो मोडला गेला हे फलकावर लिहायचे आणि त्याच आठवड्यात भरून द्यायचा, अशी पुस्ती जोडण्यात आली. नोंद ठेवल्यामुळे राखीव तास वरचेवर मोडणारे दिवस कोणते हेही समजू लागले.

यानंतर खुर्च्या वापरात आल्या. संपूर्ण तास तेथे कोणी बसत नसे. पाच-सात मिनिटे बसून शिक्षक पुन्हा वह्यांकडे वळत, आणि तेवढे पुरेसे असण्याची शक्यता आहे. केट ली आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये मेलबर्न विद्यापीठात १५० विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात, कंटाळवाण्या लक्षचाचणीच्या मध्ये केवळ ४० सेकंद फुलांनी भरलेले हिरवे छत पाहणाऱ्यांच्या चुका, काँक्रीटचे छत पाहणाऱ्यांपेक्षा कमी झाल्या आणि त्यांचे लक्ष अधिक स्थिर राहिले. हे दृश्यही संगणकाच्या पडद्यावर दाखवलेले होते. ४० सेकंद म्हणजे दोन तासांमधल्या घंटेच्या अवधीत सहज बसणारा वेळ. हे वाचल्यावर मुख्याध्यापिकांनी पहिल्या मजल्यावरील जिन्याच्या वळणावरची खिडकीही मोकळी करून घेतली, जिच्यावर जुनी भित्तिपत्रके लावलेली होती. वर्ग बदलताना प्रत्येक शिक्षक तेथून जातोच.

मधल्या सुट्टीत मैदानावर लक्ष ठेवण्याचे काम झाडांखाली दिले तर तोही विसावा ठरेल, अशी सूचना एकाने केली होती. ती स्वीकारली गेली नाही आणि ते बरे झाले. खेळणाऱ्या मुलांवर नजर ठेवणारा शिक्षक झाडाखाली उभा असला तरी त्याचे लक्ष कामावरच जुंपलेले असते. ते तसेच असायला हवे, कारण मुलांची सुरक्षितता त्यावर अवलंबून आहे. डोंगयिंग ली आणि विल्यम सलिव्हन यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ९४ माध्यमिक विद्यार्थ्यांना खिडकी नसलेल्या, इमारती दिसणाऱ्या आणि हिरवळ दिसणाऱ्या वर्गखोल्यांत बसवले होते. हिरवळ दिसणाऱ्यांची लक्षक्षमता आणि ताणातून सावरणे इतरांपेक्षा सरस ठरले, पण हा फरक काम चालू असताना दिसला नाही, मधल्या विश्रांतीनंतर दिसला. दृश्याचा लाभ होण्यासाठी काम थांबलेले असावे लागते, असे या निष्कर्षावरून वाटते. सुट्टीतील देखरेखीला विसावा म्हणणे म्हणजे शिक्षकाच्या विसाव्यातून तेवढी मिनिटे वजा करणे होय.

कक्षात कुंड्याही ठेवण्यात आल्या होत्या. पाणी घालण्याची जबाबदारी सर्वांत कनिष्ठ शिक्षकांकडे गेली, ती आणखी एक जबाबदारी झाली, आणि काही महिन्यांनी ज्यांना आवड होती त्यांच्याकडेच कुंड्या उरल्या.

काय बदलले आणि काय नाही

परिणाम मोजण्यासाठी शाळेने वर्षातून तीन वेळा, नाव न लिहिता भरायची छोटी प्रश्नावली ठेवली, आणि सोबत रजांच्या व बदली तासांच्या नोंदी पाहिल्या. आकड्यांवरून ठाम निष्कर्ष काढण्याचा मोह शाळेने टाळला, आणि त्याची कारणे सबळ होती. शिक्षकांची संख्या लहान होती. रजा ऋतूनुसार आणि साथींनुसार कमीजास्त होतात. आणि खिडकी, राखीव तास, बंद झालेली नोंदवही हे सर्व बदल एकाच वर्षात झाले होते. त्यांपैकी कशाचा परिणाम किती, हे वेगळे करणे शक्य नव्हते. माझा कल असा आहे की राखीव तासाचा वाटा सर्वांत मोठा होता आणि दृश्यामुळे त्या तासाचा उपयोग वाढला.

शिक्षकांनी लिहिलेल्या उत्तरांत एक गोष्ट वारंवार आली : दुपारच्या सत्रातील पहिल्या तासाला वर्गात जाताना चिडचिड कमी असते. विज्ञानाच्या ज्या शिक्षकांनी विभागप्रमुखपद सोडण्याची विनंती केली होती, त्यांनी ती पुढील वर्षापर्यंत स्थगित ठेवली, मागे घेतली नाही. दक्षिण युरोपातील कर्मचाऱ्यांवर फिल लेदर आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये केलेल्या अभ्यासात, खिडकीतून झाडे-झुडपे दिसणाऱ्यांच्या बाबतीत कामाच्या ताणाचा नोकरी सोडण्याच्या इच्छेवर होणारा परिणाम सौम्य होत असल्याचे आढळले होते. या एका शिक्षकाच्या निर्णयाला त्या निष्कर्षाचा पुरावा म्हणता येणार नाही, पण दोन्हींची दिशा एक आहे.

परीक्षांच्या काळात सगळे बदल निष्प्रभ झाले. गुण भरण्याची मुदत जवळ आली की राखीव तासही तपासणीत जात होता आणि बाहेर पाहणाऱ्या खुर्च्यांवर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे चढत होते. त्यात आश्चर्य नाही. दृश्य थकलेल्या लक्षाला सावरायला मदत करते, ते कामाचे तास कमी करत नाही. पुढच्या वर्षी परीक्षांच्या तारखा आणि गुण भरण्याची मुदत यांत अधिक अंतर ठेवण्याचा निर्णय यातून झाला, आणि तो खिडकीइतकाच आवश्यक होता.

भाषा शिकवणाऱ्या एका शिक्षिकेच्या बाबतीत कशाचाच उपयोग झाला नाही. झोप उडालेली, वर्गाविषयी पूर्ण अलिप्तता, आपण या कामाच्या योग्यतेचेच नाही ही पक्की भावना, अशी त्यांची अवस्था होती. क्रिस्टिना मास्लाक यांनी कामातून येणाऱ्या तीव्र थकव्याची जी तीन अंगे सांगितली आहेत, भावनिक रिक्तता, माणसांविषयी कोरडेपणा आणि आपल्या कर्तृत्वावरचा विश्वास ढळणे, ती तिन्ही येथे एकत्र दिसत होती. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या आजारांच्या वर्गीकरणात या अवस्थेचा समावेश व्यवसायाशी निगडित घटना म्हणून केला आहे, आजार म्हणून नव्हे. कामाच्या ठिकाणचा दीर्घकालीन ताण यशस्वीपणे हाताळला न गेल्याने ती उद्भवते असे तेथे म्हटले आहे. म्हणजे तिचे मूळ कामाच्या ठिकाणी शोधायचे आहे. या शिक्षिकेला वैद्यकीय सल्ल्यासाठी रजा आणि परतल्यावर कमी तासांचे वेळापत्रक देण्यात आले. अशा व्यक्तीला खिडकीजवळची खुर्ची दाखवणे क्रूरपणाचे ठरले असते, आणि मुख्याध्यापिकांनी ते वेळीच ओळखले ही या प्रकरणातील मोलाची गोष्ट आहे.

पुढचे प्रश्न

वर्षअखेरीस व्यवस्थापनाने झाडांच्या पट्ट्यात वाहनांसाठी छप्पर उभारण्याचा प्रस्ताव आणला. शाळेला त्याची गरज होती. पण छप्पर तेथे आले असते तर शिक्षक कक्षातून झाडांऐवजी पत्रे दिसले असते. मुख्याध्यापिकांनी प्रस्ताव नाकारला नाही. आराखड्यासोबत कक्षातील खुर्चीवर बसल्या जागेवरून काय दिसेल याचे रेखाचित्र जोडावे, एवढीच मागणी त्यांनी केली. ते रेखाचित्र समोर आल्यावर जागा प्रवेशद्वाराच्या बाजूला हलवण्यात आली, आणि यापुढे मागच्या अंगणातील प्रत्येक बांधकामासाठी असे रेखाचित्र जोडायचे असा ठराव झाला. दृश्य हे कोणाच्याच मालकीचे नसल्याने सहज नाहीसे होते. त्याचे रक्षण करणारा एखादा कागद कार्यालयात असणे गरजेचे असते.

दोन प्रश्न मात्र सुटलेले नाहीत. अर्धवेळ शिक्षकांना राखीव तास लागू होत नाही, कारण त्यांचे तास सलग ठेवलेले असतात आणि तास संपताच ते दुसरीकडे कामाला जातात. खरे तर ताण त्यांच्यावर कमी नाही. दुसरा प्रश्न तिसऱ्या मजल्यावरील शिक्षकांचा आहे. त्यांना दोन तासांच्या मधल्या वेळेत तळमजल्यावर उतरणे परवडत नाही आणि त्यांच्या बाजूच्या सर्व खिडक्या शेजारच्या भिंतीकडे उघडतात. त्या भिंतीवर वेली चढवण्याविषयी शेजारच्या मालकांशी बोलणे सुरू आहे. ते होईपर्यंत, नव्या वेळापत्रकात या शिक्षकांचा राखीव तास मधल्या सुट्टीला जोडून ठेवायचा, म्हणजे खाली येऊन बसण्याइतका सलग वेळ त्यांना मिळेल, असे ठरले असून वेळापत्रक करताना आधी सर्वांचे राखीव तास मांडून मगच विषयांचे तास भरण्याचे काम पर्यवेक्षकांनी स्वतःकडे घेतले आहे.